गाडी ‘रिकॉल’ झाली, पण दुरुस्ती कधी? विजेचे बिघाड, सुट्या भागांची वाट आणि गाडीमालकाचे हक्क

३ सप्टेंबर २०२१ रोजी मारुती सुझुकीने देशभरातल्या १ लाख ८१ हजार ७५४ गाड्या परत मागवत असल्याचे जाहीर केले. सियाझ, एर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ या गाड्यांचे पेट्रोल प्रकार त्यात होते. ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात त्या तयार झाल्या होत्या. त्यांतल्या ‘मोटर जनरेटर युनिट’ या विजेच्या भागात दोष असण्याची शक्यता होती. तपासणी आणि गरज पडल्यास भाग बदलणे, दोन्ही मोफत होते.

पण त्याच निवेदनात आणखी दोन गोष्टी होत्या. एक, भाग बदलण्याचे काम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होईल. दोन, तोपर्यंत ग्राहकांनी पाणी साचलेल्या भागात गाडी चालवू नये आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नये.

हे दोन महिने मराठवाड्यात कसे गेले, ते आठवून पाहा. २६ सप्टेंबरला ‘गुलाब’ चक्रीवादळ पूर्व किनाऱ्यावर धडकले आणि त्याचा उरलेला जोर २७ आणि २८ सप्टेंबरला मराठवाड्यावर येऊन कोसळला. मांजरा नदीला महापूर आला, लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत शेते आणि रस्ते पाण्याखाली गेले. २८ सप्टेंबरला नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी बस उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात वाहून गेली आणि त्यात जीवितहानी झाली. नांदेडहून उमरखेडला जाणारा रस्ता अर्धापूरवरूनच जातो.

‘साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका’ हा सल्ला तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होता. पण ज्या तालुक्यात दवाखाना, बाजार, कोर्ट आणि रेल्वे स्टेशनसाठी नांदेड गाठावे लागते, तिथे सप्टेंबरमध्ये तो पाळायचा कसा? गाडी परत मागवल्याची घोषणा आणि प्रत्यक्ष दुरुस्ती यांच्यामध्ये जो काळ जातो, त्यातला धोका आणि गैरसोय गाडीमालकाच्या वाट्याला येते. या काळात त्याच्या हातात काय असते, हे समजून घेण्यासारखे आहे.

नेमके काय बिघडले होते?

या गाड्यांमध्ये सौम्य हायब्रिड तंत्र आहे. नेहमीच्या गाडीत बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर असतो आणि इंजिन सुरू करायला स्टार्टर. मोटर जनरेटर युनिट ही दोन्ही कामे एकत्र करते. इंजिनाला पट्ट्याने जोडलेले हे यंत्र ब्रेक मारताना वीज तयार करते, सिग्नलला बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करते आणि वेग घेताना इंजिनाला थोडा हातभार लावते. म्हणजे फिरणारा यांत्रिक भाग, वीज आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण एकाच डब्यात, तेही इंजिनाच्या उष्णतेत आणि रस्त्यावरच्या पाण्याच्या शिंतोड्यांच्या जवळ.

याच भागासाठी ही पहिली वेळ नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीने सियाझ, एर्टिगा आणि एक्सएल६ या ६३ हजार ४९३ गाड्या याच युनिटच्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या. परदेशी पुरवठादाराकडे हा भाग तयार होताना दोष राहिला असावा, असे तेव्हा सांगण्यात आले होते.

विजेचे दोष फक्त एकाच कंपनीचे आहेत का?

नाही. गेल्या काही वर्षांत परत मागवलेल्या गाड्यांची कारणे पाहिली तर वायरिंग, सेन्सर, कंट्रोलर आणि बॅटरी हे शब्द वारंवार भेटतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने चाकणला तयार झालेल्या १ लाख ८ हजार ३०६ एक्सयूव्ही७०० गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. इंजिनाच्या कप्प्यातली वायरिंग ज्या मार्गाने नेली होती, तिथे ती घासून कापली जाण्याची शक्यता होती. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने १७ हजार ३६२ गाड्यांचा एअरबॅग कंट्रोलर बदलायचे ठरवले आणि भाग बदलेपर्यंत गाडी चालवूच नका, असा सल्ला दिला. डिसेंबर २०२० मध्ये ह्युंदाईने भारतातल्या ४५६ कोना या विजेवरच्या गाड्या उच्च दाबाच्या बॅटरीतल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या.

दुचाकींचेही तसेच. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात लोहगाव भागात उभ्या असलेल्या ओलाच्या विजेवरच्या स्कूटरने पेट घेतला. पुढच्या महिन्यात कंपनीने १ हजार ४४१ स्कूटर तपासणीसाठी परत घेतल्या. त्याच महिन्यात ओकिनावाने बॅटरीचे कनेक्टर सैल आहेत का हे पाहण्यासाठी ३ हजार २१५ स्कूटर बोलावल्या.

पूर्वी कंपन्या हा शब्दच टाळत. २०१० मध्ये मुंबईत नवीकोरी टाटा नॅनो पेटल्यानंतर काही महिन्यांनी कंपनीने एक्झॉस्ट आणि विजेच्या यंत्रणेला जादा संरक्षण मोफत बसवून दिले, पण हा ‘रिकॉल’ नाही, असेही सांगितले. २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने ऐच्छिक रिकॉलची आचारसंहिता आणली, तेव्हापासून हा शब्द हळूहळू रुळला.

विजेचा दोष वर्कशॉपमध्ये सापडत का नाही?

गाडीमालकांचा सर्वात मोठा वैताग इथे आहे. गाडी रस्त्यात बंद पडते, डॅशबोर्डवर पाच दिवे एकदम लागतात, आणि नांदेडला वर्कशॉपमध्ये नेली की ती सुरळीत चालते. ‘काही प्रॉब्लेम दिसत नाही’ असे सांगून गाडी परत मिळते.

टायर फाटला तर तो फाटलेलाच राहतो. विजेचा दोष मात्र येतो आणि जातो. कनेक्टरच्या पिनवर गंज चढला, अर्थिंगचा बोल्ट सैल झाला किंवा वायरीचे आवरण घासले, तर जोड कधी लागतो, कधी सुटतो. उन्हाळ्यात इंजिन तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि संपर्क तुटतो. तीच गाडी थंड झाली की संपर्क पुन्हा जुळतो. खड्ड्यातल्या हादऱ्याने आणि ओलाव्यानेही असेच होते. अर्धापूरहून नांदेडला पोचून, रांगेत उभी राहून गाडी थंड होईपर्यंत दोष लपलेला असतो.

दुसरी अडचण म्हणजे एका दोषाची लक्षणे दुसरीकडे दिसतात. बॅटरी कमकुवत असेल तर सेल्फ मारताना व्होल्टेज खाली जाते आणि एबीएस, स्टीअरिंग, एअरबॅग असे दिवे एकदम लागतात. मेकॅनिक एबीएसचा सेन्सर बदलतो, बिल होते आणि दोष तसाच राहतो.

गाडीतला संगणक अशा घटनांची नोंद ‘कोड’च्या रूपात ठेवतो. स्कॅनर लावला की ती वाचता येते. पण गावात आधी बॅटरीची वायर काढून लावण्याचा उपाय केला, तर अनेक गाड्यांत काही नोंदी पुसल्या जातात. मग वर्कशॉपमध्ये दाखवायला पुरावाच उरत नाही. म्हणून बॅटरीला हात लावण्याआधी स्कॅन करून घेणे आणि दिवे लागलेले असतानाच मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवणे, ही दोन कामे फार उपयोगी पडतात.

बाहेरून बसवलेल्या लाइट आणि हॉर्नचे काय?

इथे मालकाची बाजू लंगडी पडू शकते. मे २०२३ मध्ये जयपूर महामार्गावर एक एक्सयूव्ही७०० पेटली. तपासणीनंतर कंपनीने सांगितले की गाडीत बाहेरून दिव्यांची साधने बसवली होती आणि त्यासाठी मूळ वायरिंगमध्ये बदल केला होता.

जादा लाइट, मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टीम किंवा जीपीएस बसवताना मूळ वायर सोलून जोड दिला, तर पुढे होणाऱ्या कोणत्याही विजेच्या बिघाडाचे खापर त्या जोडावर फुटते. वॉरंटीच्या अटींतही अशा बदलांना सहसा जागा नसते. साधन बसवायचेच असेल तर वायर न कापता कपलरने, वेगळ्या फ्यूजसह बसवावे आणि बिल जपून ठेवावे. उंदरांनी वायरी कुरतडल्या तर तेही वॉरंटीत येत नाही.

विम्याचा आधारही मर्यादित आहे. नेहमीच्या मोटार विम्यात अपघात आणि आग यांना संरक्षण असते, पण केवळ यांत्रिक किंवा विजेचा बिघाड वगळलेला असतो. इंजिनात पाणी गेल्याच्या नुकसानीसाठी वेगळे कव्हर घ्यावे लागते.

सुटे भाग यायला एवढा वेळ का लागतो?

रिकॉल जाहीर होते तेव्हा बहुतेक वेळा दोष कळलेला असतो, पण सुधारलेला भाग पुरेशा संख्येने तयार नसतो. पुरवठादार एक किंवा दोनच असतात. त्यांच्याच यंत्रांवर नव्या गाड्यांसाठी रोजचे भाग बनत असतात. दीड-दोन लाख जादा भाग बनवायचे, तपासायचे आणि देशभर पोचवायचे म्हणजे महिने जातात.

२०२१ मध्ये तर जगभर इलेक्ट्रॉनिक चिपचा तुटवडा होता. त्या सप्टेंबरमध्ये हरयाणा आणि गुजरातमधले उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्केच होईल, असे मारुतीने आधीच कळवले होते.

हे भारतातच घडते असे नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने बॅटरीला आग लागण्याच्या शक्यतेमुळे ऑगस्ट २०२१ पर्यंत शेवरोले बोल्ट या विजेवरच्या सर्वच, म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत मागवल्या. नव्या बॅटऱ्या मिळेपर्यंत मालकांना चार्जिंग ९० टक्क्यांपुरते ठेवण्यास आणि गाडी घराबाहेर उभी करण्यास सांगितले गेले.

फरक आहे तो कायद्यात. अमेरिकी कायद्यानुसार रिकॉलची गाडी दुरुस्तीसाठी दाखल केल्यापासून ६० दिवसांत नीट दुरुस्त झाली नाही, तर वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही याचा तो प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. मग गाडी बदलून देणे किंवा पैसे परत करणे, हे प्रश्न उभे राहतात.

भारतातला कायदा काय सांगतो?

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आले. गाडीतल्या दोषामुळे पर्यावरणाला, गाडीतल्या माणसांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल, तर केंद्र सरकार उत्पादकाला गाड्या परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. अशा वेळी उत्पादकाने गाडीची पूर्ण किंमत परत करायची, किंवा तशीच अथवा अधिक चांगली गाडी द्यायची, किंवा दुरुस्ती करून द्यायची, असे कलम म्हणते. शिवाय दंडही आहे. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार तो १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत आहे आणि हे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले.

यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. कंपनीने स्वतःहून दोष सरकारला कळवून रिकॉल सुरू केले, तर हा दंड होत नाही. कंपन्या आपण होऊन पुढे याव्यात, हा त्यामागचा हेतू. वर सांगितलेल्या मारुती आणि महिंद्राच्या घोषणा अशाच ऐच्छिक आहेत. आणि दुसरे, एखाद्या मालकाची गाडी किती दिवसांत दुरुस्त व्हावी, याचा आकडा या कलमाच्या मजकुरात नाही.

तक्रार मोजली कधी जाते?

सरकारी रिकॉलसाठी तक्रारींची संख्या ठरवून दिली आहे. ज्या मोटारीची वर्षाला १० हजारांहून अधिक विक्री होते, तिच्या बाबतीत एकाच दोषाच्या १ हजार २५० तक्रारी लागतात. ५०१ ते १० हजार विक्री असेल तर १ हजार ५०, आणि ५०० पर्यंत विक्री असेल तर १०० तक्रारी किंवा विक्रीच्या २० टक्के. गाडी ७ वर्षांपेक्षा जुनी नसावी.

या तक्रारी नोंदवण्यासाठी केंद्राच्या ‘वाहन’ पोर्टलवर स्वतंत्र सोय आहे. गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर देऊन दोष लिहायचा असतो.

ग्रामीण भागातला मालक नेमका इथे मागे पडतो. तो डीलरशी भांडतो, सर्व्हिस ॲडव्हायझरला चार फोन करतो, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून तात्पुरता जोड मारून घेतो आणि गाडी चालवत राहतो. शोरूमच्या काउंटरवर केलेली तोंडी तक्रार या १ हजार २५० मध्ये धरली जात नाही. म्हणून एमएच-२६ किंवा एमएच-२४ नंबरच्या गाडीचा दोष पोर्टलवर दिसायचा असेल, तर तो तिथे कोणीतरी लिहावा लागतो.

जुनी गाडी घेतली असेल तर?

रिकॉलचा फोन, संदेश किंवा पत्र कंपनीकडे नोंद असलेल्या ग्राहकाला जाते. पुण्याहून, मुंबईहून किंवा हैदराबादहून आणलेल्या जुन्या गाडीच्या बाबतीत तो नंबर पहिल्या मालकाचा असतो. आरटीओत नाव बदलले म्हणून कंपनीच्या नोंदीत नाव आपोआप बदलेल, असे धरून चालू नये.

उपाय सोपा आहे. आरसीवर आणि गाडीवर १७ अंकाक्षरांचा चेसिस नंबर असतो. कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो टाकला की गाडी कोणत्या रिकॉलमध्ये आहे का ते कळते. वर्कशॉपमध्येही हा नंबर देऊन विचारता येते. रिकॉल गाडीवर असते, माणसावर नाही, त्यामुळे दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकालाही दुरुस्ती मागता येते. जुनी गाडी घेताना सौदा ठरण्याआधी ही तपासणी करावी आणि घेतल्यावर वर्कशॉपच्या नोंदीत आपला मोबाइल नंबर घालून घ्यावा.

भाग येईपर्यंत काय करावे?

वाट पाहावी लागणारच असेल, तर ती कागदावर आली पाहिजे.

१. वर्कशॉपमध्ये गेल्यावर जॉब कार्ड बनवूनच घ्यावे. तक्रार आपल्या शब्दांत लिहायला सांगावी. ‘जनरल चेकअप’ असे लिहिले तर पुढे काहीच सिद्ध होत नाही. ‘चालू गाडीत इंजिन बंद पडले, दिवे लागले’ असे तारखेसह असावे.

२. भाग नसेल तर ‘भाग उपलब्ध नाही’ हे जॉब कार्डवर किंवा ईमेलवर लिहून घ्यावे आणि अंदाजे तारीख विचारावी.

३. गाडी तोपर्यंत चालवणे सुरक्षित आहे का, हे कंपनीला लेखी विचारावे. ‘चालवू नका’ असे उत्तर आले तर गाडी वर्कशॉपपर्यंत कोण नेणार आणि पर्यायी गाडी मिळणार का, हेही त्याच पत्रात विचारावे.

४. जळका वास, धूर, वितळलेली वायर किंवा वारंवार उडणारा फ्यूज दिसला तर गाडी चालवू नये. मोठ्या क्षमतेचा फ्यूज टाकून काम भागवणे म्हणजे आगीला निमंत्रण. फ्यूज उडतो तो वायर वाचवण्यासाठीच.

५. पाण्यासंबंधी सूचना असेल तर इंजिनाच्या कप्प्यात प्रेशरने पाणी मारून धुणे बंद करावे. रस्त्यावरून वाहत्या पाण्यात कोणतीच गाडी घालू नये, रिकॉल असो वा नसो.

तरीही दाद मिळाली नाही तर?

पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. इथे तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे पाठवली जाते आणि बरीचशी प्रकरणे इथेच मिटू शकतात.

दुसरी पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. म्हणजे अर्धापूरच्या मालकाला कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावे लागत नाही, नांदेडच्या आयोगात दाद मागता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात चालते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये आणि २० ते ५० लाखांना १ हजार रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत ती दाखल करावी लागते. ती ‘ई-जागृती’ पोर्टलवर ऑनलाइनही करता येते.

वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागणार नसेल तर ३ महिन्यांत आणि लागणार असेल तर ५ महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ अधिक लागू शकतो. आयोगात मुख्य प्रश्न असतो तो दोष होता हे दाखवण्याचा. ‘गाडी सारखी बंद पडते’ हे सांगणे पुरत नाही. पाच वेळा दिलेल्या गाडीची पाच जॉब कार्डे, स्कॅनचे अहवाल, व्हिडिओ आणि ईमेल समोर ठेवले, तर तोच मुद्दा पक्का होतो. दोषामुळे इजा किंवा नुकसान झाले असेल तर याच कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे.

रिकॉल म्हणजे बदनामी का?

रिकॉलची बातमी आली की ‘ही गाडी घेऊ नका’ असा सूर लागतो. खरे तर दोष कळल्यावर तो लपवणारी कंपनी अधिक धोक्याची. घोषणा करणे हे जबाबदारीचेच लक्षण आहे, पण तिथे काम संपत नाही. किती गाड्या बोलावल्या हा आकडा बातमीत येतो. त्यांतल्या किती गाड्या खरोखर दुरुस्त झाल्या, हा आकडा सहसा बातमीत येत नाही, आणि गावाकडच्या मालकाला महत्त्वाचा असतो तो दुसराच.

दुरुस्ती न झालेल्या गाड्या सर्वात जास्त कुठे राहतात, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. जिथे अधिकृत वर्कशॉप लांब आहे, गाडी दोन-तीन हातांतून गेली आहे आणि कंपनीकडे मालकाचा नंबर नाही, तिथे. पुढचा पावसाळा येण्याआधी आरसी काढून चेसिस नंबर तपासायला पाच मिनिटे लागतात. रिकॉल निघालेच तर त्याच दिवशी वर्कशॉपला लेखी कळवून तारीख मागावी.